पिटातल्या माणसांचा इतिहास

गेल्या काही वर्षांत रविवारच्या पुरवण्यांमधून एक लेख पुन्हा पुन्हा वाचायला मिळतो. एखाद्या शहरातलं जुनं एकपडदा थिएटर बंद पडतं आणि त्यावर हळहळ व्यक्त करणारा लेख येतो. इमारत कोणत्या शैलीची होती, बाल्कनीचा जिना कसा होता, कोणत्या सिनेमाने तिथे रौप्यमहोत्सव केला, कोणता नट प्रीमियरला आला होता, हे सगळं त्यात असतं. मी असे बरेच लेख वाचले आहेत, काही कापून ठेवले आहेत. पण त्यांत पडद्याच्या अगदी पुढे, मान वर करून, पाठ नसलेल्या बाकावर किंवा जमिनीवर बसलेली माणसं मला क्वचितच भेटतात. भेटलीच तर शिट्ट्या मारणारा, चिल्लर उधळणारा जमाव म्हणून भेटतात. ‘पिटातला प्रेक्षक’ हे शब्द मराठीत आजही उथळ, आरडाओरडा करणारा या अर्थाने वापरले जातात. पिटात कोण बसायचं आणि का बसायचं, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

सिनेमाचा आणि नाटकाचा वारसा जपला पाहिजे, याबद्दल आता सरकारपासून श्रीमंत रसिकांपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं आहे. माझाही त्याला विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की वारसा म्हणून काय ठेवायचं आणि काय टाकायचं, हे कोण ठरवतं? ज्यांच्या घरात कपाटं होती, त्यांचे फोटो राहिले. ज्यांना लिहिता येत होतं, त्यांच्या आठवणी छापल्या गेल्या. आपल्या घरांत कपाटं नव्हती आणि लिहिता येणारी आपण पहिलीच माणसं आहोत. म्हणून हा लेख मी आपल्यासारख्या, घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या वाचकांसाठी लिहितो आहे.

आधी नुकसान किती झालं आहे ते पाहू. भारतात हजाराहून अधिक मूकपट बनले. त्यांतले आज हाताच्या बोटांवर मोजावेत इतके थोडे, तेही बरेचसे तुकड्यातुकड्यांत उरले आहेत. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच शिल्लक आहे. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ तर पूर्ण नाहीसा झाला. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. ज्या मॅजेस्टिकमध्ये तो लागला, तेही पुढे पाडलं गेलं. बाबूराव पेंटर यांचा, सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्यावरचा १९२५ चा मूकपट ‘सावकारी पाश’ आज पाहायला मिळत नाही.

याची कारणं गूढ नाहीत. १९५० च्या सुमारापर्यंत सिनेमे नायट्रेटच्या फिल्मवर निघत. ती फिल्म भडकन पेट घेते आणि एकदा पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य असतं. फिल्मच्या थरात चांदी असते, त्यामुळे खेळ संपलेल्या सिनेमाची रिळं चांदी काढण्यासाठी विकली जात. नंतरची अ‍ॅसिटेटची फिल्म दमट हवेत सडते. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला की ती चालली, असं समजावं. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं ते १९६४ साली, म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर एक्कावन्न वर्षांनी. पी. के. नायर यांनी देशभर फिरून रिळं गोळा केली म्हणून फाळक्यांचं जे काही उरलं ते आज आपल्याला दिसतं. त्याच पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत नायट्रेटची मोठी ठेव जळून गेली.

हे नुकसान सगळ्या देशाचं आहे. पण ते सगळ्यांचं सारखं नाही. ‘आलम आरा’ची प्रत गेली, तरी त्याचा दिग्दर्शक, नायक, नायिका, गाण्यांची संख्या, तारीख, थिएटर हे सगळं आपल्याला माहीत आहे. काही माणसांच्या बाबतीत मात्र फिल्मही गेली आणि फिल्मबाहेरचं सगळंही गेलं. यासाठी मी पी. के. रोझी हिचं उदाहरण घेतो.

फाळक्यांना तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही; ती भूमिका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी केली. सिनेमात काम करणं हे ‘चांगल्या घरच्या’ बाईचं लक्षण मानलं जात नव्हतं. त्यानंतर पंधरा-सतरा वर्षांनी केरळमध्ये जे. सी. डॅनियल यांनी ‘विगतकुमारन’ हा मूकपट काढला. मल्याळम सिनेमाची सुरुवात तिथून मानतात. त्याची नायिका होती रोझी. मूळ नाव राजम्मा, जन्म पुलया या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत. गवत कापून पोट भरणारी आणि काक्कारिशी या लोकनाट्यात काम करणारी ही बाई. सिनेमात तिने नायर स्त्रीची भूमिका केली. तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात पहिला खेळ झाला तेव्हा नायिका असूनही तिला आत जागा नव्हती. नायक तिच्या केसांतल्या फुलाचं चुंबन घेतो हे दृश्य आलं आणि सवर्ण प्रेक्षकांनी पडद्यावर दगड मारले. दलित बाईने नायर बाई व्हावं, हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. तिचं घर जाळलं गेलं. ती तमिळनाडूत पळून गेली, राजम्माळ या नावाने संसार केला आणि त्या नावानेच गेली. पुन्हा कधी तिने सिनेमात काम केलं नाही.

आता तिचा इतिहास कसा जपला गेला ते बघा. ‘विगतकुमारन’ची रिळं राहिली नाहीत. सिनेमा १९२८ साली लागला की १९३० साली, यावर अजून वाद चालू आहे. तिचा म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो, तो खरंच तिचा आहे का, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. डॅनियल यांनाही हयातीत मान मिळाला नाही. पण निदान १९९२ पासून केरळ सरकार त्यांच्या नावाने पुरस्कार देतं. रोझीचं नाव बाहेर आलं ते कुन्नुकुळी मणी यांच्यासारख्या पत्रकारांनी वर्षानुवर्षं माग काढल्यामुळे. त्यावर विनू अब्राहम यांची कादंबरी आली, २०१३ मध्ये कमल यांचा ‘सेल्युलॉइड’ हा चित्रपट आला, चेन्नईत पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने तिच्या नावाने चित्रपट महोत्सव भरवला आणि १० फेब्रुवारी २०२३ ला गूगलनेही तिचं चित्र लावलं. इतकं होऊनही रोझीचा स्वतःचा एक शब्द आपल्याकडे नाही. १९८८ पर्यंत ती जिवंत होती. टेपरेकॉर्डर तेव्हा गावोगावी पोचले होते. तिच्यासमोर तो ठेवून ‘आजी, त्या दिवशी काय झालं?’ असं विचारणारं कोणी गेलं नाही.

पडद्यावरून आता खाली, प्रेक्षागृहात येऊ. श्रीलंकेतले तमिळ अभ्यासक कार्तिगेसु सिवतंबी यांनी सिनेमा थिएटरबद्दल एक महत्त्वाची गोष्ट मांडली आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार तमिळ समाजातले सगळे लोक एका छपराखाली एकत्र बसले, अशी पहिली जागा म्हणजे सिनेमाचं थिएटर. देवळात, पाणवठ्यावर, गावच्या खेळात जागा जातीने ठरत होती. इथे ती तिकिटाने ठरू लागली. हे खरंच मोठं होतं. आपल्या आजोबा-पणजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा पैसे मोजून हक्काची जागा मिळवली असेल तर ती आगगाडीत किंवा टॉकीजमध्ये. पण तिकिटाचे पैसे कोणाच्या खिशात किती असणार, हे पुन्हा जातीनेच ठरलं होतं. म्हणून बाल्कनी आणि पिट यांच्यातली रेघ गावच्या वेशीसारखीच दिसायची. फरक इतकाच की ही रेघ ओलांडता येत होती, आणि ज्याने ती ओलांडली त्याला किंमत मोजावी लागत होती.

आंध्रच्या तेव्हाच्या गुंटूर जिल्ह्यातल्या त्सुंडूरला ही किंमत काय असते ते दिसलं. जुलै १९९१ मध्ये तिथल्या सिनेमा थिएटरात एका शिकलेल्या दलित तरुणाचा पाय एका रेड्डी तरुणाला लागला. त्यावरून मारहाण झाली, मग सामाजिक बहिष्कार आला आणि ६ ऑगस्टला आठ दलितांची कत्तल झाली. खटला चालवण्यासाठी विशेष न्यायालय त्सुंडूरमध्येच बसवावं लागलं. २००७ साली त्याने एकवीस जणांना जन्मठेप दिली. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. या हत्याकांडावर दलित चळवळीने पुष्कळ लिहिलं आहे. पण भारतीय चित्रपटगृहांचा इतिहास सांगणाऱ्या देखण्या, जाड पुस्तकांमध्ये त्सुंडूरचं थिएटर मला कधी दिसलं नाही. माझ्या मते त्या पुस्तकांत ते हवंच. तिथे तो तरुण निव्वळ सिनेमा पाहायला गेला होता. तो आपल्यासारखा शिकलेला होता आणि आपलं तिकीट आपल्याला बरोबरीचा हक्क देतं असं त्याला वाटलं होतं.

तिसरी गोष्ट थिएटर चालवणाऱ्या माणसांची. माझे वडील तालुक्याच्या गावी एका टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. हातात बॅटरी, अंगावर खाकी शर्ट. दिवसाला तीन खेळ, जत्रेत चार. त्यांना शेकडो सिनेमांचे शेवट तोंडपाठ होते, कारण शेवटाआधी दार उघडायला उभं राहावं लागे. मधला सिनेमा मात्र त्यांनी कधी सलग पाहिला नाही. आमच्या वस्तीतले आणखी दोघं तिथेच होते. एक झाडलोट करायचा, दुसरा ऑपरेटरच्या हाताखाली होता. जुन्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा उजेड असे. कांड्या जळत जात, तसं त्यांच्यातलं अंतर सारखं करत राहावं लागे, नाहीतर पडदा काळवंडे आणि पिटातून शिव्या येत. त्या धुरात, उकाड्यात माणसांनी पंचवीस-पंचवीस वर्षं काढली. पुढे डिजिटल यंत्रं आली, ऑपरेटर घरी गेले, मग टॉकीजच बंद झालं. वडिलांचे शेवटचे काही पगार मालकाकडे राहिले ते राहिलेच. त्या टॉकीजवर पुढे एका पुरवणीत पानभर लेख आला. त्यात मालकाच्या तीन पिढ्यांची नावं होती. कामगारांपैकी एकाचंही नाव नव्हतं. लेखकाचा हेतू वाईट नव्हता. त्याने ज्यांना विचारलं त्यांनी जे सांगितलं, ते त्याने लिहिलं. माझं म्हणणं नेमकं हेच आहे. इतिहास ज्याला विचारला जातो त्याचा होतो.

तेव्हा प्रश्न आपण विचारायला हवेत. आपल्याकडे याची परंपरा नाही असं मुळीच नाही. मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ साली सांगलीत झालेल्या ‘सीता स्वयंवरा’पासून सांगतात आणि दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतात. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. पुरोहित शूद्र शेतकऱ्याला कसा लुबाडतो आणि शिक्षण त्याला त्यातून कसं सोडवतं, हा त्याचा विषय. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारलं. ते पहिल्यांदा छापलं गेलं १९७९ साली. एकशे चोवीस वर्षं हे नाटक कागदावर पडून राहिलं, पण कोणीतरी कागद जपले म्हणून आज ते आपल्या हातात आहे. कागद इतकी वाट पाहू शकतो. फिल्म तितकी थांबत नाही आणि माणसाची आठवण तर फिल्मपेक्षाही आधी संपते.

दुसरं उदाहरण नामदेव व्हटकरांचं. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. सरकारचा फिल्म्स डिव्हिजन तेव्हा आठ वर्षांचा होता. मंत्र्यांच्या दौऱ्यांची, धरणांच्या उद्‌घाटनांची वार्तापत्रं तो नियमित काढत होता. व्हटकर हे लेखक आणि चित्रपटवाले. त्यांनी पदरमोड करून त्या दिवशी कॅमेरा लावला आणि लाखोंचा तो जनसागर फिल्मवर उतरवला. आज ६ डिसेंबरला आपल्या मोबाइलवर ती दृश्यं येतात तेव्हा त्यांखाली व्हटकरांचं नाव नसतं. निदान आपण तरी ते लिहिलं पाहिजे.

तिसरं उदाहरण अलीकडचं आहे. शाहीर विलास घोगरे यांना आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या ‘बॉम्बे अवर सिटी’त गाताना चित्रित केलं होतं. १९९७ साली रमाबाई नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली आणि त्यानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी पुढची चौदा वर्षं चित्रीकरण करून २०११ मध्ये ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. घोगरे यांचा आवाज, त्यांचा चेहरा, त्यांच्या हातातलं वाद्य आज आपल्यापाशी आहे ते कॅमेरा वेळेवर तिथे होता म्हणून. असे किती शाहीर, किती जलसे, किती तमाशातल्या बाया कॅमेऱ्याविना गेल्या, याची मोजदाद नाही.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतील, ‘शिष्यवृत्त्या अडकल्यात, भरती बंद आहे, अत्याचार थांबत नाहीत, आणि तुम्ही सिनेमाचं काय घेऊन बसलात?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. पण त्सुंडूर आठवा. तिथे वाद सिनेमाच्या खुर्चीवरून सुरू झाला, कारण ती खुर्ची निव्वळ करमणुकीची नव्हती. बरोबरीने बसण्याची लढाई शाळेत झाली, चहाच्या दुकानात झाली, तशीच टॉकीजमध्ये झाली. ती आपण नोंदवली नाही, तर ‘सिनेमाने जात कधीच पाहिली नाही’ असं उद्या कोणी लिहील आणि आपल्या हाती दाखवायला काही नसेल. दुसरे म्हणतील, ‘आता सगळं यूट्यूबवर आहेच.’ तिथे आज असलेलं उद्या असेल याची हमी कोणी दिलेली नाही. हार्डडिस्क पाच-सात वर्षांत मान टाकते, फोन हरवतात, खाती बंद होतात. डिजिटल म्हणजे कायमचं, हा मोठा गैरसमज आहे.

मग करायचं काय? आपल्या आवाक्यातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ‘सिनेमा आवडायचा का?’ असं विचाराल तर ‘हो’ म्हणून गप्प बसतील. नेमकं विचारा. पहिला सिनेमा कुठे पाहिला, तंबूत की टॉकीजमध्ये? तिकीट किती होतं, पैसे कुठून आणले? कुठे बसलात, शेजारी कोण होतं, कोणी उठवलं का? बायकांसाठी वेगळी जागा होती का, आई-आजी एकट्या जाऊ शकत होत्या का? अण्णाभाऊंच्या कादंबऱ्यांवरचे ‘वैजयंता’, ‘फकिरा’ हे सिनेमे पाहिलेली माणसं अजून आहेत. ते पाहताना त्यांना काय वाटलं हे कुठल्याही समीक्षेत नाही. फोनवर रेकॉर्ड करा. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख बोलून घ्या आणि त्यांची परवानगीही त्यातच नोंदवा. नाव द्यायचं नसेल तर देऊ नका, पण गोष्ट घ्या.

दुसरी, वस्तू जपा. हँडबिलं, तिकिटांचे तुकडे, गाण्यांच्या चोपड्या, कामगारांचे पगारपत्रक, ओळखपत्र, जलशाचे फोटो. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं लिहा. बॉलपेनची शाई पुढून उमटते. कुणाच्या घरी जुनं रीळ सापडलं आणि त्याला आंबट वास येत असेल, तर ते लावून पाहू नका, उन्हात ठेवू नका. कोरड्या, थंड जागी ठेवून पुण्याच्या संग्रहालयाशी बोला. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे.

तिसरी, प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवा. एक आपल्याकडे, एक दुसऱ्या गावी राहणाऱ्या मित्राकडे, एक गावातल्या वाचनालयात किंवा बुद्धविहारात. मुलाखतीतलं महत्त्वाचं कागदावर उतरवून काढा. ‘तृतीय रत्न’ कागदावर होतं म्हणून टिकलं.

चौथी, जे एम.ए., पीएच.डी. करत आहेत त्यांच्यासाठी. प्रबंधाचा विषय निवडताना गाइड म्हणतील, ‘यावर संदर्भसाहित्य नाही.’ नाहीच, ते आपल्यालाच तयार करायचं आहे. आपल्या तालुक्यातल्या टॉकीजच्या कामगारांचा इतिहास, यात्रेतल्या तंबू सिनेमाचा प्रेक्षक, गिरणगावातली थिएटरं आणि वस्त्या, यांतला कोणताही विषय संशोधनाला पुरेसा आहे. सरकारी संग्रहालयांकडे आपली मागणीही स्पष्ट हवी. फिल्म दुरुस्त करण्यासाठी पैसा आहे, तसा प्रेक्षकांच्या आणि कामगारांच्या मौखिक इतिहासासाठीही हवा. तो विभाग चालवताना ज्यांचा हा इतिहास आहे, त्या समाजातले अभ्यासक नेमले पाहिजेत.

माझे वडील आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या बरोबरीचे दोघं आता राहिले नाहीत. मी त्यांच्या नऊ तासांच्या मुलाखती घेतल्या आहेत आणि अजून संपलेल्या नाहीत. त्यातून एका टॉकीजचा इतिहास तयार होतो आहे, ज्यात मालक एका परिच्छेदात येतो आणि बाकी पानं कामगारांची, पिटातल्या प्रेक्षकांची आहेत. अशी टॉकीजं देशभरात हजारो होती. प्रत्येकीच्या दारात कोणाचे तरी वडील उभे होते, पिटात कोणाची तरी आजी बसली होती. त्यांच्यापैकी जे आहेत, त्यांच्याशी या सुट्टीत बोला. पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.

जय भीम.